मुख्य कलाकार नसलेली मैफल

आपल्याकडच्या मैफलीत कोणाकडे पाहायचे, हे श्रोत्याला आधीपासून ठाऊक असते. मधोमध गवई किंवा वादक बसलेला असतो, दोन्ही बाजूंना तबला आणि पेटी असते, मागे तानपुरे असतात. साथ कितीही रंगली तरी ती साथच राहते, आणि चांगल्या साथीदाराची ओळखही तो मुख्य कलाकाराला कुठे पुढे जाऊ देतो यावरूनच होते. गेल्या महिन्यात पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात आम्ही नऊ वादकांनी अमेरिकन प्रायोगिक संगीतातल्या तीन रचना सादर केल्या. त्यानंतर सर्वाधिक लोकांनी विचारलेला प्रश्न ‘हे कसले संगीत?’ असा नव्हता, तर ‘यात मुख्य कोण होते?’ असा होता. मला हा प्रश्न फार योग्य वाटला. या संगीतात आपल्या कानाला खरे अवघड जाते ते त्यातल्या अनोळखी सुरांमुळे नव्हे, तर मुख्य कलाकाराच्या नसण्यामुळे, असे माझे तालमींपासूनच मत होत गेले होते. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

पाश्चात्त्य परंपरेत ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात, त्यात मोजके वादक असतात, प्रत्येकाकडे स्वतःची स्वतंत्र ओळ असते आणि समोर उभे राहून हातवारे करणारा संचालक नसतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांचे स्ट्रिंग क्वार्टेट हे त्याचे सर्वांत परिचित रूप. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या संगीतकारांनी या लहान वाद्यवृंदाकडून ज्या गोष्टी करवून घेतल्या, त्या मोठ्या ऑर्केस्ट्राकडून करवून घेणे कठीण होते. जॉर्ज क्रम्ब यांच्या 1970 सालच्या ‘ब्लॅक एंजल्स’मध्ये चार वादक विद्युत्‌वर्धित वाद्ये वाजवतात, निरनिराळ्या भाषांतले आकडे उच्चारतात, ओरडतात आणि पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवर गज फिरवतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहिलेली ही रचना रेडिओवर ऐकून डेव्हिड हॅरिंग्टन यांनी 1973 साली सिअॅटलमध्ये क्रोनोस क्वार्टेटची स्थापना केली. याच क्रोनोसने 2005 साली आशा भोसले यांच्याबरोबर राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली आणि तिच्यात तबल्यावर झाकिर हुसेन होते, हे सांगितले की आपल्याकडच्या श्रोत्याला हे नाव एकदम जवळचे वाटू लागते.

नाशकात व्हायोला आणि चेलो वाजवणारे कोणी मला अद्याप भेटलेले नाहीत. त्यामुळे क्वार्टेटच्या वाटेला न जाता, कोणती वाद्ये हवीत हे संगीतकाराने मोकळे सोडले आहे अशाच रचना आम्ही निवडल्या. आमच्याकडे दोन व्हायोलिन, दोन बासऱ्या, सतार, संतूर, पेटी आणि तबल्याचे दोन विद्यार्थी एवढा संच होता. सगळेच हिंदुस्थानी पद्धतीत शिकलेले. पाश्चात्त्य नोटेशन सहज वाचणारे आमच्यात कोणीच नसल्यामुळे मी साऱ्या रचना पलुस्कर पद्धतीने लिहून काढल्या. या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालावधीची खूण असते. अर्धी मात्रा, पाव मात्रा वेगळी दाखवता येते, म्हणून या कामाला ती फार सोयीची पडली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीतच रामनामाचा आश्रम स्थापला होता. त्यांच्या स्वरलिपीत कॅलिफोर्नियातली एक रचना त्याच पंचवटीत वाजावी, याचे मला मनापासून समाधान वाटले.

वाड्याची निवडही विचार करूनच केली होती. शहरात मोठी नाट्यगृहे आहेत, परंतु तिथे रंगमंच उंच असतो आणि प्रकाश एका जागी एकवटतो, म्हणजे मुख्य कलाकाराची जागा आधीच तयार असते. चौकात मात्र श्रोते मध्यभागी सतरंज्यांवर बसले आणि वादक चारी बाजूंच्या ओसऱ्यांवर विखुरले. बासरीच्या बाजूला बसलेल्याला जे ऐकू येत होते, ते सतारीच्या बाजूला बसलेल्याला तसेच ऐकू येत नव्हते. कार्यक्रमाच्या मध्यंतरात काही श्रोत्यांनी आपणहून जागा बदलल्या, हे पाहून मला बरे वाटले.

पहिली रचना ला माँट यंग यांची होती. तिचे नाव ‘कॉम्पोझिशन 1960, क्रमांक 7’. तिची संपूर्ण संहिता म्हणजे दोन स्वर आणि एक सूचना. स्वर बी आणि एफ शार्प, म्हणजे पांढरी सातला (पेटीच्या सातव्या पांढऱ्या पट्टीला) षड्ज धरला तर षड्ज आणि पंचम. आणि सूचना अशी की हे स्वर दीर्घकाळ धरून ठेवावेत. किती काळ, कोणत्या वाद्यावर, किती जोराने, हे काहीही सांगितलेले नाही. आम्ही ती दोन व्हायोलिनवर वाजवली. आपले व्हायोलिन सा-प-सा-प असे जुळवलेले असल्यामुळे सूर पांढरी सातला लावला की दोन्ही स्वर उघड्या तारेवरच मिळतात, डाव्या हाताला काही कामच उरत नाही. षड्ज माझ्याकडे आणि पंचम माझ्या एका विद्यार्थिनीकडे होता.

वाचताना हे सोपे वाटते, वाजवताना मात्र उजव्या हाताची परीक्षा असते. माझा गज टोकाला पोहोचत असेल तेव्हा तिचा गज मध्यावर असला पाहिजे, नाहीतर दोघींनी एकाच क्षणी दिशा बदलली की सुराला चीर पडते. आम्ही हे एकमेकींकडे न पाहता, केवळ कानाने साधण्याचा सराव केला. पंचम केसभर जरी उतरला तरी दोन स्वरांच्या मध्ये एक मंद थरथर सुरू होते, आणि तो जागेवर आला की ती थरथर हळूहळू लांबत जाऊन नाहीशी होते. पेटीवर ही गंमत होत नाही, कारण पेटीचा पंचम मुळातच अंशभर उतरलेला असतो. पंचम शुद्ध लागल्यावर काही मिनिटांनी चौकात आम्हा दोघींपैकी कोणीच वाजवत नसलेले स्वर ऐकू येऊ लागले. तानपुऱ्यातला स्वयंभू, म्हणजे कोणी न छेडता आपोआप उमटणारा, गंधार आपल्याला परिचित आहेच, तो इथेही आला. त्याहून विलक्षण म्हणजे माझ्या षड्जाच्या खाली एक सप्तक खर्जाचा षड्ज गुणगुणू लागला. दोन स्वर 2:3 या प्रमाणात नेमके लागले की त्यांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाचा एक तिसरा स्वर कानाला जाणवतो, आणि षड्ज-पंचमाच्या बाबतीत तो बरोबर खालच्या सप्तकातला षड्जच असतो. भौतिकशास्त्रातले हे गणित मी पूर्वी वाचले होते, पण ते कानाने पडताळून पाहण्याइतका वेळ मला कोणत्याही मैफलीने आजवर दिला नव्हता.

चौकात पुढेच बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी नाशकातल्या जुन्या मैफली भरपूर ऐकलेल्या आहेत, मध्यंतरात मला म्हणाले, “ताई, तानपुरा उत्तम लागला होता. पण मी सारखी वाट बघत होतो, की आता कोणीतरी गाईल.” त्यांचे म्हणणे मी कार्यक्रमानंतरही बराच वेळ मनात घोळवत राहिले. तानपुरा लागला की आपले मन पुढच्या स्वराकडे धाव घेते, कारण तानपुरा हा आपल्यासाठी कशाचा तरी पाया असतो. यंग यांच्या रचनेत त्या पायावर काही उभे राहत नाही, त्यामुळे पायाच्या आत काय काय आहे ते पाहण्यावाचून कानाला पर्याय उरत नाही. यंग यांनी त्यापूर्वीच अली अकबर खाँ यांची 1955 साली अमेरिकेत निघालेली ध्वनिमुद्रिका ऐकली होती आणि तीतल्या तानपुऱ्याने ते भारावून गेले होते. अर्थात, तानपुऱ्यालाच संपूर्ण रचना मानण्याचे धाडस हे त्यांचे स्वतःचे आहे. आपल्यापैकी कोणी ते केले नव्हते.

दुसरी रचना स्टीव्ह राइश यांची 1972 सालची ‘क्लॅपिंग म्युझिक’. हिला वाद्यच लागत नाही, दोन माणसांचे चार हात पुरतात. राइश 1970 साली घानाला जाऊन तिथल्या एवे लोकांचे वादन शिकून आले होते, आणि या रचनेतल्या लयीवर त्या शिक्षणाची छाया स्पष्ट जाणवते. बारा मात्रांचा एक बोल आहे, त्यात आठ टाळ्या आणि चार विश्रांती आहेत. आमच्या तबल्याच्या विद्यार्थ्यांनी तो आधी तोंडाने बसवला: ता ता ता ऽ ता ता ऽ ता ऽ ता ता ऽ. पहिला वादक हाच बोल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदल न करता वाजवत राहतो. दुसरा त्याच्याबरोबर सुरुवात करतो, काही आवर्तनांनंतर बोल एका मात्रेने पुढे सरकवतो, म्हणजे पहिली टाळी उचलून शेवटी टाकतो: ता ता ऽ ता ता ऽ ता ऽ ता ता ऽ ता. पुन्हा काही आवर्तने, पुन्हा एक मात्रा. असे बारा वेळा सरकल्यावर दोघे परत एकत्र येतात आणि रचना संपते. सारे मिळून चार-पाच मिनिटांचे काम.

बारा मात्रा म्हटल्यावर दोन्ही मुलांच्या हातात एकताल आपोआप येऊन बसला आणि तिथेच अडचण सुरू झाली. पहिल्या तालमीला सरकणाऱ्या मुलाने विचारले, “ताई, समेला भेटायचंच नाही का?” आपल्या लयकारीत दुगुण असो, आड असो, की गुंतागुंतीची तिहाई असो, कितीही दूर गेले तरी सम ठरलेली असते आणि तिथे पोहोचण्यातच सारा आनंद साठवलेला असतो. इथे लय वाढत नाही, तुटत नाही, फक्त जागा बदलते, आणि बदललेल्या जागेवरच मुक्काम करायचा असतो. त्याहून अधिक कष्ट न सरकणाऱ्या मुलाला पडले. कान बंद करून वाजवले तर दोघांचे जुळत नाही, आणि कान उघडे ठेवले तर हात दुसऱ्याच्या मागे ओढला जातो. ऐकायचे, पण ऐकलेल्याच्या मागे जायचे नाही, हे साथीच्या शिस्तीत वाढलेल्या मुलाला फार जड जाते, कारण त्याचे आजवरचे सारे शिक्षण नेमके उलट असते. हळूहळू त्याला ते साधले. कार्यक्रमात सहाव्या-सातव्या सरकण्याच्या सुमारास दोघांच्या टाळ्या मिळून एक तिसराच बोल उभा राहिला होता, जो दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हता. श्रोत्यांपैकी काही जण मांडीवर ताल धरू लागले होते. मी मुद्दाम पाहिले तर प्रत्येकाची सम वेगळ्या ठिकाणी पडत होती, आणि ज्याने ज्याच्या टाळीचा धागा पकडला होता त्याच्यापुरती ती बरोबरच होती.

तिसरी आणि मुख्य रचना टेरी रायली यांची ‘इन सी’. ती 4 नोव्हेंबर 1964 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या टेप म्युझिक सेंटरमध्ये प्रथम वाजली. त्या दिवशीच्या वादकांत स्टीव्ह राइश होते, आणि पॉलिन ऑलिव्हेरोसही होत्या. संपूर्ण रचना एका पानावर मावते. लहान-मोठे 53 तुकडे क्रमाने दिलेले आहेत. प्रत्येक वादकाने पहिल्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक तुकडा वाटेल तितक्या वेळा वाजवायचा आणि मग पुढच्यावर जायचे. केव्हा जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. वादक किती असावेत यावर बंधन नाही. साधारण 35 असले तर छान, असे रायली सुचवतात, पण कमी-जास्त चालतात. सगळ्यांना एका लयीत धरून ठेवण्यासाठी एक वादक तार षड्जाचा सारखा ठोका देत राहतो, आणि ही ठोक्याची कल्पना तालमीच्या वेळी राइश यांनी सुचवलेली होती.

या स्वातंत्र्याला असलेली मर्यादा मला सर्वांत मोलाची वाटते. कोणीही इतरांपासून दोन-तीन तुकड्यांहून अधिक पुढे जाऊ नये किंवा मागे राहू नये, असे रायली सांगतात. अधूनमधून वाजवणे थांबवून ऐकावे, असेही सांगतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या दिंड्या आमच्या भागातून जातात, तेव्हा त्यांत कोणी पावली खेळत असतो, कोणी नुसता चालत असतो, कोणी फुगडीला थांबतो, तरी दिंडी तुटत नाही. ‘इन सी’ची चाल मला तशीच वाटते.

ठोका कोणी द्यावा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मुळात तो पियानोवर असतो. पेटीवर भात्याच्या दाबाप्रमाणे ठोक्याचे वजन बदलते, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर तो इतका एकसुरी होतो की बाकीचे वादक त्याला ऐकेनासे होतात. शेवटी संतूरवर दोन कलमांनी तार षड्ज वाजवायचे ठरले. संतूर वाजवणाऱ्या ताईंनी पाऊण तासाहून अधिक काळ, एकही सूर न बदलता, हा ठोका दिला. त्यांचा हात मनगटाच्या पुढे जवळजवळ हलतच नव्हता, कलम तारेवर पडून स्वतःच्याच उसळीने परत येत होती आणि बोटे तिला फक्त दिशा देत होती. त्यांच्या वाट्याला ना आलाप, ना तान, ना दाद. तरी त्यांचा ठोका क्षणभर जरी डळमळला असता तर आठही जणांची वाट चुकली असती. मुख्य कोण, असे विचारणाऱ्यांपैकी काहींनी नंतर त्यांचेच नाव सुचवले, आणि काहींनी, ‘त्या तर फक्त सूर देत होत्या,’ असे म्हटले.

सूर अर्थातच पांढरी एक. सतार काळी एकवरून खाली आणली, व्हायोलिन पांढरी सातवरून वर नेले, बासऱ्या पांढरी एकच्या घेतल्या. पहिला तुकडा म्हणजे षड्जाचा कण, म्हणजे निसटता स्पर्श, घेऊन तीनदा गंधार. हे वाचून सतारीवरचे आमचे स्नेही एकदम खुलले, कारण कणस्वर हे तर आपले घरचेच. दुसऱ्या तुकड्यात त्याच कणावर ग म ग येते. सहावा तुकडा म्हणजे केवळ एक दीर्घ षड्ज. चौदाव्यात वरच्या षड्जावरून निषाद, पंचम असे उतरत तीव्र मध्यम येतो, आणि पुढे बऱ्याच नंतर कोमल निषाद. हे स्वर डोळ्यांसमोर आल्याबरोबर आपल्या वादकाच्या मनात राग उभा राहतो. सुरुवातीला बिलावल, तीव्र मध्यमाबरोबर कल्याण, कोमल निषादाबरोबर खमाज. मग हात त्या रागाच्या चलनाकडे वळू लागतो, दोन तुकड्यांच्या मध्ये एखादी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, येते, एखादी मुरकी येते. सुरुवातीच्या तालमींत असे झाले की ज्याने मींड घेतली तो एकदम मुख्य कलाकार होऊन बसे आणि बाकीचे नकळत त्याच्या साथीला लागत. वर्षानुवर्षांचे वळण आहे ते. एकाने आलापी धरली की दुसऱ्याने मागे सरकायचे. म्हणून, लिहिलेला कण सोडून काहीही अलंकरण घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. सर्वांना हे पटले नाही. बासरीवरच्या एका तरुण मित्राचे म्हणणे होते की मींड काढून टाकली तर बासरीत उरते काय? त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन राग मॅसिव्ह या समूहाने 2017 मध्ये भारतीय वाद्यांवर ‘इन सी’ ध्वनिमुद्रित केली तेव्हा त्यांनी आपल्या शैलीला वाव दिलेला आहे. आमच्या चौकात मात्र सरळ स्वरांचाच आग्रह मी धरला. कारण आम्हाला जे शिकायचे होते ते रागाच्या आधाराशिवाय एकमेकांना ऐकणे होते.

प्रयोगाच्या दिवशी काय झाले ते सांगते. पहिल्या दहा-एक मिनिटांत सगळे जरा बिचकत, एकमेकांचा अंदाज घेत वाजवत होते. चौदाव्या तुकड्याला पेटीवर तीव्र मध्यम प्रथम आला, लांब धरलेला. संतूरचा षड्ज वर चालूच होता. त्या वेळी मी अजून शुद्ध मध्यम असलेल्या एका तुकड्यावर होते आणि सतार माझ्याही मागे होती, त्यामुळे दोन्ही मध्यम एकाच वेळी चौकात वाजत होते. आपल्याकडे ललतात किंवा केदारात दोन्ही मध्यम असतात, पण ते एकाच्या गळ्यातून, एकामागून एक येतात. इथे ते समोरासमोरच्या ओसऱ्यांवरून एकमेकांकडे पाहत उभे होते. एरवी मी चटकन स्वतःचा तुकडा सोडून तीव्र मध्यमाकडे गेले असते. त्या दिवशी मी थांबले, गज उचलला आणि ऐकले. मग सतार पुढे आली, मागोमाग दुसरी बासरी, आणि रंग पालटत पालटत सारा चौक एका स्वरावरून दुसऱ्यावर गेला. त्यात कोणी इशारा केला नव्हता आणि कोणी मान हलवून खूण दिली नव्हती.

सर्वांनी एकदा-दोनदा तरी एकाच तुकड्यावर एकत्र येण्याचा प्रयत्न करावा, अशीही एक सूचना आहे. ते आधी ठरवता येत नाही, घडू द्यावे लागते. ते घडले तेव्हा श्रोत्यांमधून एकदम दाद आली, समेवर येते तशी. अर्ध्या मिनिटात आम्ही पुन्हा पांगलो.

शेवट आपल्या कानाला विशेष चटका लावणारा आहे. अखेरच्या पाच तुकड्यांत मध्यम, पंचम आणि कोमल निषाद एवढेच स्वर उरतात, आणि 53 वा तुकडा कोमल निषाद आणि पंचम यांच्यातच फिरत राहतो. षड्ज केवळ ठोक्यात असतो, वादकांपैकी कोणीही त्याच्यावर परतत नाही. सगळे त्या तुकड्यावर पोहोचले की आवाज काही वेळा एकत्र चढवायचा आणि उतरवायचा, आणि मग ज्याला वाटेल त्याने थांबायचे. आमच्या पेटीवादक काकांनी तालमीत स्पष्टच सांगितले होते, “षड्जावर न येता पेटी बंद करणं मला जमणार नाही.” प्रयोगात ते सर्वांत आधी थांबले, निषादावरच.

या संगीताविषयी बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी पडते, की हे सारे मुळात आपल्याकडूनच गेलेले आहे. संबंध आहेत, आणि ते खरोखर जिव्हाळ्याचे आहेत, म्हणूनच ते नीट सांगितले पाहिजेत. लाहोरला जन्मलेले आणि किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले पंडित प्राणनाथ 1970 साली अमेरिकेला गेले आणि यंग व रायली दोघेही त्यांचे शिष्य झाले. हिराबाई बडोदेकरांनाही तालीम देणारे ते हेच वहीद खाँ. रायलींनी 1996 साली प्राणनाथजींचे निधन होईपर्यंत हे शिष्यत्व निष्ठेने सांभाळले. पण ‘इन सी’ 1964 ची आहे आणि यंग यांची रचना 1960 ची, म्हणजे दोन्ही गुरुभेटीच्या कितीतरी आधीच्या. हे संगीतकार आपल्याकडे आले ते आपल्या स्वतःच्या शोधात बरेच पुढे गेल्यावर, आणि त्यांना प्राणनाथजींच्या विलंबित आलापीत आपल्या शोधाचे उत्तर दिसले. यात आपल्या परंपरेचा मान कमी होत नाही. उलट, ‘हे तर आपलेच’ असे म्हणून मोकळे होणारा श्रोता त्या रचनेत नवीन काय आहे ते ऐकायचे सोडून देतो, आणि हे नुकसान त्याचेच असते.

अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या बाबतीत मात्र एका भारतीय व्यक्तीचा वाटा थेट आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई, ज्या स्वतः पखवाज वाजवत, 1946 मध्ये न्यूयॉर्कला गेल्या आणि केज यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकू लागल्या. केज यांनी शुल्क घेतले नाही. बदल्यात गीताबेननी त्यांना भारतीय संगीताविषयी शिकवावे, असे ठरले. संगीताचा हेतू काय, या केज यांच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले: मनाला शांत आणि निर्मळ करणे, म्हणजे ते दैवी प्रभाव ग्रहण करू शकेल. केज यांनी हे उत्तर आयुष्यभर जपले. निघताना त्यांनी केज यांना रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचा ग्रंथ भेट दिला. 1946 ते 1948 या काळात लिहिलेल्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये केज यांनी कलाविचारक आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून समजून घेतलेले आठ स्थायी भाव आणि त्यांची शांत रसाकडे असलेली ओढ मांडली. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, रबर असल्या वस्तू अडकवून त्यांनी त्याचा नादच पालटून टाकला होता, आणि ऐकताना कधी घुंगराचा, कधी मृदंगाचा भास होतो.

केज यांचे नाव निघाले की ‘चार मिनिटे तेहेतीस सेकंद’ या रचनेचा विषय येतोच, जी डेव्हिड ट्यूडर यांनी 29 ऑगस्ट 1952 रोजी वुडस्टॉकच्या मॅव्हरिक सभागृहात एकही स्वर न वाजवता सादर केली. आम्ही ती घेतली नाही. आज ती इतकी प्रसिद्ध आहे की श्रोता भोवतालचे आवाज ऐकण्याऐवजी आपण एक प्रसिद्ध रचना ऐकतो आहोत, हेच मनाशी म्हणत बसतो. यंग यांच्या पंचमातून तीच एकाग्रता अधिक सरळपणे साधते, असे मला वाटले.

कार्यक्रमावर आक्षेपही आले, आणि ते मी गांभीर्याने घेते. माझ्या एका गुरुभगिनीने म्हटले की यात कष्ट दिसले, शिस्त दिसली, पण कोणा एका माणसाचे सुखदुःख ऐकू आले नाही. खरे आहे. आपल्या ख्यालात ते जसे ऐकू येते तसे इथे येत नाही, आणि ज्याला तेच हवे आहे त्याने इथे ते शोधू नये. मला मात्र त्या दोन मध्यमांच्या क्षणी असे काही ऐकू आले जे एकट्या माणसाला निर्माण करता येत नाही, कितीही मोठा कलाकार असला तरी. ते आठ-नऊ जणांनी आपापला मोठेपणा जरा बाजूला ठेवल्यावरच घडते. दोन्ही सुखे वेगळी आहेत, आणि एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही.

पुढच्या वेळी केज यांचे 1950 साली पूर्ण झालेले ‘स्ट्रिंग क्वार्टेट इन फोर पार्ट्स’ करण्याचा विचार आहे. त्याचे चार भाग म्हणजे उन्हाळ्यापासून वसंतापर्यंतचे चार ऋतू, आणि त्यांना केज यांनी भारतीय विचारातल्या स्थिती, विलय, विश्रांती आणि सृजन या कल्पनांशी जोडलेले आहे. हिवाळ्याचा तिसरा भाग जवळजवळ हलतच नाही, आणि सर्व वाद्ये स्वर न थरथरवता, सरळ वाजवायची आहेत. मॉर्टन फेल्डमन यांचे सुमारे सहा तासांचे दुसरे क्वार्टेट आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्याची ध्वनिमुद्रणे एखाद्या रविवारी वाड्यातच एकत्र बसून ऐकू. केज यांच्या क्वार्टेटसाठी दोन व्हायोलिन आहेत. व्हायोला आणि चेलो हवे आहेत. नाशकात, किंवा आठवड्यातून एकदा तालमीला येण्याजोग्या अंतरावर, ही वाद्ये वाजवणारे कोणी असेल तर जरूर कळवावे. वाजवण्याची तयारी किती आहे यापेक्षा, मध्येच थांबून ऐकण्याची तयारी असावी, एवढीच अपेक्षा आहे.